माल्टाची नोकरी आणि घरातले दागिने

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलंय: मुलानं हॉटेल मॅनेजमेंट केलंय, माल्टा या युरोपातल्या छोट्या बेट-देशातल्या हॉटेलात महिना १,१५० युरोची नोकरी मिळतेय, एजंट साडेसहा लाख मागतोय. ३ लाखांची एफडी मोडून उरलेल्या पैशांसाठी दागिने गहाण टाकू का?

ताई, मुलाला जरूर जाऊ द्या, पण एवढे पैसे भरून नको. दागिन्यांना तर हातच लावू नका.

युरो ढोबळमानानं १०० रुपयांचा धरला, तर पगार १ लाख १५ हजार दिसतो. सोशल सिक्युरिटीचे (पेन्शन-विम्याच्या सरकारी वर्गणीचे) १० टक्के आणि थोडा आयकर कापून हातात हजार युरोच्या आसपास येतील. खरा प्रश्न घरभाड्याचा आहे. माल्टा अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मा. तिथं साडेपाच लाखांवर लोक राहतात आणि वर पर्यटकांची गर्दी. स्लीमा, सेंट ज्युलियन्स या हॉटेलांच्या भागात एकट्यानं घर घेणं या पगारात जमणारच नाही. दोघा-तिघांत खोली घेतली तरी ३०० युरो धरा.

विजेचं बिल नीट समजून घ्या. उन्हाळा दमट, त्यामुळे एसी लागतो. हिवाळ्यात पारा फार उतरत नाही, पण चुनखडीच्या दगडाची घरं ओल धरतात, मग हीटर लावावा लागतो. भाडेकरूचं नाव रहिवासी म्हणून मीटरवर नोंदलं नाही, तर महागडा दर लागतो. भाडेकरार करतानाच ही नोंद करून घ्यायला मुलाला सांगा. बेटावर बारमाही नदी नाही. नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. ते पिण्यायोग्य आहे, पण चव रुचत नाही म्हणून बरेच जण बाटल्या विकत घेतात. बस मात्र बसचं कार्ड काढलेल्या रहिवाशांना २०२२ पासून फुकट आहे आणि इंग्रजी राजभाषा असल्यानं भाषेची अडचण नाही.

जेवण, फोन, किरकोळ खर्च धरून महिन्याला ४०० युरो, म्हणजे ४० हजार उरतील, तेही नेटानं राहिला तर. साडेसहा लाख फिटायला सोळा महिने लागतील, सोनेतारण कर्जाचं व्याज वेगळंच. पण तिथं राहण्याचं आणि कामाचं पहिलं परमिट साधारण वर्षाचं असतं आणि ते त्याच मालकाशी बांधलेलं असतं. हिवाळ्यात पर्यटक घटतात, तेव्हा हॉटेलानं काम कमी केलं तर? परमिट संपेल, कर्ज तसंच राहील, आणि दागिने सोडवायची वेळ तुमच्यावर येईल. माझा विरोध आहे तो यालाच.

आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. मग बाकीचे सहा लाख कशाचे, हे त्याला स्पष्ट विचारा. तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याची सोय धरून दीड-दोन लाखांत भागायला हवं. तेवढी एफडी मोडायला माझी हरकत नाही, उरलेली त्याच्या परतीच्या तिकिटासाठी आणि अडीअडचणीला तशीच ठेवा.

एजंटचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. हॉटेलचं नेमणूकपत्र मागा, आणि त्यातला पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आहे की नाही हे मुलानं स्वतः हॉटेलला ईमेल करून पडताळावं. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. पावती द्यायला एजंट कां-कूं करू लागला, तर एक रुपयाही देऊ नका.