ईएफ 60 टक्के म्हणजे हार्ट 40 टक्के गेलं का?

हा प्रश्न आमच्याकडे इतका येतो की एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. परवानगी घेऊन एका पेशंटची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 47, कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, रिपोर्टमध्ये दोन ओळी, एक ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के आणि दुसरी ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन. झालं! यांनी मनाशी हिशोब लावला की हार्ट साठ टक्केच चालतंय, चाळीस टक्के कामातून गेलं. तेव्हापासून जिने बंद, मंडईची पिशवी मुलाकडे, सकाळचं थोडंफार फिरणं होतं तेही बंद, आणि रात्री झोपताना छातीवर हात ठेवून ठोके मोजायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगत होत्या, "मॅडम, घरात कोणी मोठ्याने बोललं तरी म्हणतात माझं हार्ट वीक आहे."

तर आधी ते 60 बघू. हे परीक्षेचे मार्क नाहीत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं तो हा आकडा, आणि निरोगी माणसाचाही साधारण 55 ते 70 मध्येच असतो, 100 कुणाचाच नसतो. म्हणजे यांचा पंप ठणठणीत. प्रश्न दुसऱ्या ओळीत होता. हृदयाला आकुंचन पावण्याइतकंच नीट सैल होणंही लागतं, तेव्हाच त्यात रक्त भरतं. हा सैल होण्याचा भाग जरा मंदावला की ग्रेड वन लिहितात. नवा जाड फुगा कसा पटकन फुगत नाही, तसं. साठीनंतर कित्येकांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ असतेच, तिला लगेच हार्ट फेल्युअर म्हणत नाहीत. पण सत्तेचाळीसला दिसली तर का दिसली हे शोधायला पाहिजे.

आणि ते कारण त्याच फाइलमध्ये मागच्या पानांवर पडलेलं होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. बीपी 142/90, उपाशीपोटी शुगर 112, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 228, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 34. कंबर विचारली तर म्हणाले, "चौतीस, पँट चौतीसचीच घेतो." पँट पोटाच्या खाली बांधतात हो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावली, श्वास सोडायला सांगितला (सगळे पोट आत ओढतात, तेही ओढून उभे होते), भरली 101 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा 90. बीपी 130/85, शुगर 100, ट्रायग्लिसराइड 150 यांच्या वर, एचडीएल पुरुषांत 40 च्या खाली आणि कंबर, या पाचपैकी तीन जमले तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, यांचे पाचही होते. वाढलेलं बीपी, पोटातली चरबी आणि इन्शुलिनला दाद न देणारं शरीर, हे सगळं मिळून हार्टचा स्नायू हळूहळू कडक करतं.

"पण मॅडम मी जाडा कुठे आहे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सेम 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. हे सांगितल्यावर गप्प झाले.

सगळ्यात अवघड काम डाएटचं नव्हतं, त्यांना परत चालायला लावायचं होतं. हार्ट जपायचं म्हणून बसून राहिले, आणि बसून राहण्यानेच ते जास्त कडक होणार होतं. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करून चालायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं तरी भीती जाईना. मग आधी जेवणानंतर सोसायटीतच दहा मिनिटं, वहिनी सोबत, बोलता येईल इतक्याच स्पीडने. पुढे वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत आलो. खाण्यात फार काही काढलं नाही, चहातली साखर, शिफ्टमधली खारी-बिस्किटं, रोजचं लोणचं-पापड-फरसाण आणि रात्री साडेदहाचं जेवण एवढ्यालाच हात लावला. भाकरी-उसळ होतीच, फक्त भाताचा डोंगर खाली आला. बीपीची गोळी चालूच, ती मनाने बंद करायची नाही हे मी प्रत्येक वेळी बजावते कारण आकडे सुधारले की लोक तेच आधी करतात.

आठ महिन्यांनी वजन 81 वरून 75, कंबर 94, ट्रायग्लिसराइड 146, बीपी गोळीवर 126/80. एचडीएल मात्र 37 वरच, ते हट्टी असतं. आणि नवीन इकोत ग्रेड वन तसाच! चेहरा पडला ना त्यांचा. पण हृदयाच्या आतलं प्रेशर नॉर्मल आहे, पुढची ग्रेड नाही, असं कार्डिओलॉजिस्टनी समजावलं, स्नायू सैल व्हायला वेळ लागतो आणि वयही आपलं काम करतंच. दर दोन महिन्यांनी इको काढायची गरज नाही, टेप आणि बीपी मशीन पुरे. हां, चालताना धाप वाढली, सपाट झोपल्यावर दम लागला, पायावर सूज आली किंवा छातीत दुखलं तर मात्र मला फोन नको, थेट डॉक्टर.

जिने चढतात आता. आणि गंमत म्हणजे पुढची अपॉइंटमेंट वहिनींची आहे, त्यादिवशी सहज टेप लावली तर 88 भरली, बायकांसाठी मर्यादा 80 आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.