कॉम्बी बॉयलर थंडीत अडला तर आधी पाणी बघा

तुम्ही विचारलंय: इंग्लंडमध्ये डर्बीत पहिलं घर घेतलं, कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) आहे, वरच्या खोलीतला एक रेडिएटर (खोली तापवणारं, आत गरम पाणी फिरणारं भिंतीवरचं पॅनेल) अर्धाच तापतो, बॉयलरच्या गेजचा काटा ०.७ वर आलाय. थंडीत बंद पडू नये म्हणून काय करू? आणि डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला जाताना हीटिंग बंद करून जाऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, बंद करून जाऊ नका. का, ते पुढे सांगते.

मी इंजिनिअर नाही. लीड्सजवळ आम्ही २००८ पासून राहतो, तेवढ्यात दोन घरं आणि तीन बॉयलर झाले. खऱ्या अर्थाने गॅसच्या भागात बिघाड झाला तो एकदाच. बाकी दर वेळी भानगड पाण्याची निघाली: कुठे कमी झालं, कुठे गोठलं, कुठे त्यात हवा नाहीतर गाळ अडकला. यातलं बरंचसं बॉयलरचं झाकण न उघडता आपल्याला बघता येतं. माझ्या सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर हा भिंतीवर टांगलेला बंबच आहे. बंब पाणी घातल्याशिवाय पेटवला तर डाख सुटतो, आणि राख काढली नाही तर धड पेटत नाही. याचंही तसंच.

तुमच्या काट्यापासून सुरुवात करू. कॉम्बीला माळ्यावर टाकी वगैरे नसते. रेडिएटरमधून तेच ते पाणी बंद नळ्यांत गोल फिरत राहतं. नळाला येणारं गरम पाणी वेगळं, ते नळ सोडला की त्या क्षणी तापतं. या फिरणाऱ्या पाण्याचा दाब, सगळं गार असताना, १ ते १.५ बार हवा. हीटिंग चालू असताना काटा दोनच्या आसपास गेला तर घाबरू नका. पण फार खाली गेला की बॉयलर पेटतच नाही. ०.७ म्हणजे आज चालेल, पण पहिल्या कडाक्याच्या रात्री दगा देईल.

पाणी भरायला बॉयलरच्या खाली बहुधा चंदेरी विणीची लवचीक नळी असते, तिला दोन छोटे कॉक. (काही मॉडेलांत नुसती चावी किंवा खटका असतो, पुस्तिका बघा.) हीटिंग बंद करून गार होऊ द्या. मग एक कॉक पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू. पाण्याचा सूंऽऽ असा आवाज येईल आणि काटा चढायला लागेल. सव्वा-दीडवर आला की दोन्ही कॉक घट्ट बंद. घट्ट म्हणतेय कारण आमचा एक किंचित उघडा राहिला होता. काटा रात्रभर चढत राहिला, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकू लागलं. वर्षातून एक-दोनदा भरावं लागणं ठीक. दर आठवड्याला लागत असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा बॉयलरमधल्या एक्स्पान्शन व्हेसलची (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या हवेच्या डब्याची) हवा गेलीय. ते इंजिनिअरचं काम. नुसतं भरत बसू नका, कारण प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात.

पण हे भरण्याआधी तो अर्धा तापणारा रेडिएटर बघा. हीटिंग चालू असताना त्याच्यावर वर आणि खाली तळहात ठेवा. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा अडकलीय. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, मग वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळ्याला रेडिएटरची किल्ली लावून अर्धा फेरा फिरवा. फुस्स आवाज येतो, मग थुंकल्यासारखं पाणी येतं, लगेच बंद करा. खाली जुनं फडकं धरा. ते पाणी काळंकुट्ट असतं आणि कार्पेटवरचा डाग जात नाही (आमच्याकडे त्या जागी आता कुंडी आहे). हवा काढली की दाब आणखी उतरतो, म्हणून पाणी भरायचं ते नंतर.

उलट वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तो गाळ. रेडिएटरच्या लोखंडाचाच काळा गंज तळाशी बसतो. बॉयलरजवळच्या नळीवर काळा डबा दिसला तर तो बहुधा चुंबकाचा फिल्टर. दर वर्षीच्या सर्व्हिसिंगला तो साफ करून घ्या, आणि केला का ते विचारा, कारण पुष्कळ जण हात न लावता जातात.

आणि अख्खा रेडिएटरच गार असेल, बाकीचे छान तापत असतील, तर बाजूचा आकडेवाला व्हॉल्व्ह बघा. उन्हाळाभर बंद राहिला की त्याच्या आतली पिन दबलेलीच अडकते. वरचा आकड्यांचा भाग फिरवून काढला की पिन दिसते. ती पान्याच्या सपाट बाजूने हलके दाबा-सोडा, वर-खाली व्हायला लागेल. पकडीने ओढू मात्र नका. ती हातात आली तर खोलीत कारंजं.

आता गोठण्याचं. २०१० चा डिसेंबर या देशात शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर होता. आमची लेक दोन महिन्यांची, सासूबाई कराडहून बाळंतपणासाठी आलेल्या, नवरा कामाने लंडनला. पहाटे पाचला बॉयलर हुक्का ओढल्यासारखा गुडगुडला आणि लाल दिवा लावून गप्प झाला. रीसेट केलं, पुन्हा गुडगुड, पुन्हा गप्प. फोन केला तर चार दिवस कुणी येणार नव्हतं. अर्ध्या गावाचे बॉयलर तसेच बसले होते.

कारण असं. आजचे बॉयलर धुरातली वाफ गार करून तिचीही उष्णता काढून घेतात. त्या वाफेचं पाणी होतं, थंडीत दिवसाला काही लिटर, आणि ते एका प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर सोडतात. आमची ती नळी बोटभर जाडीची, उत्तरेच्या भिंतीवरून चांगली तीन मीटर धावत गटाराच्या जाळीपर्यंत. तिच्या शेवटच्या वळणावर बर्फ झाला, पाणी मागे तुंबलं आणि बॉयलर बंद. तो बिघडलेला नव्हताच.

सासूबाईंनी गुडघ्यांसाठी आणलेली शेकायची रबरी पिशवी होती. ती भरून त्यांनी माझ्याकडे दिली, "बाळाला मी घेते, तू त्या नळीला शेक दे." नाइटीवर नवऱ्याचा कोट घालून मी अंधारात त्या वळणावर पिशवी धरून बसले, मध्ये मध्ये तांब्याने कोमट पाणी ओतत. वीस मिनिटांनी खळ्ळ झालं आणि नळीतून लहानपणी खायचो त्या पेप्सीकोल्यासारखी बर्फाची कांडी बाहेर पडली. आत जाऊन रीसेट दाबलं आणि पेटला.

दोन गोष्टी त्यात चुकायच्या राहिल्या. उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिक तडकतं आणि अंगावर उडतं. शिडी लागत असेल तर करूच नका. तिसरी चूक मी केलीच: ओतलेलं पाणी अंगणात पसरलं, तासाभरात त्याची काच झाली आणि मी आडवी झाले. नंतर मीठ टाका.

म्हणून आत्ताच, ऊन आहे तोवर बाहेर जाऊन तुमची ती नळी शोधा. बोटभर असेल तर बदलून जाड करून घ्या. हल्ली बाहेरून नेताना ३२ मिलिमीटरची टाकतात. निदान बाहेर टिकेल असा काळा फोम तरी चढवा, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

बिलाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. बॉयलरवर दोन आकडे असतात, एक नळाच्या पाण्याचा, एक रेडिएटरचा. रेडिएटरचा बहुतेक घरांत ७५-८० वर ठेवून बसवणारा निघून जातो. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच ती वाफ नीट गार होते, नाहीतर उष्णता धुराड्यातून जाते. आम्ही ६० ला ठेवतो. घर सावकाश तापतं, पण तापतं. बाहेर उणे पाच झालं की ६५-७० करतो. हे फक्त कॉम्बीसाठी. गरम पाण्याची मोठी टाकी असलेल्या घरात असा आकडा उतरवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेलाचे जंतू वाढतात.

रेडिएटरसमोर सोफा ठेवलात तर तुम्ही सोफा तापवताय, हे वेगळं सांगायला नको.

आता नाशिक. हीटिंग बंद केलं आणि गोठलं, तर नळी फुटते आणि बर्फ वितळला की तुमच्या गैरहजेरीत छतातून पाणी येतं. थर्मोस्टॅट १२ अंशांवर ठेवून जा. बॉयलरची वीज आणि गॅस चालू राहू द्या. प्रीपेड मीटर असेल तर पुरेसे पैसे भरून ठेवा. बऱ्याच घरविमा पॉलिसींत रिकाम्या घरात हीटिंग चालू ठेवण्याची अट असते, ती वाचा. पाण्याचा मुख्य कॉक, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, बंद करून जा. तो आजच फिरवून बघा, जाण्याच्या दिवशी गाडी दारात उभी असताना नको. आमचा वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे चिकटून बसला होता.

एवढं सगळं आपलं. बॉयलरचं झाकण मात्र आपलं नाही. ते गॅस सेफ (इथली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसानेच उघडायचं, आला की ओळखपत्र मागायचं, लाजायचं नाही. सर्व्हिसिंग सप्टेंबरात करून घ्या, डिसेंबरात कुणी मिळत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आज आणा. पुण्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तोच हा वायू, वास नाही, रंग नाही. घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर बॉयलर बंद करून बाहेर या. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर ०८०० १११ ९९९, चोवीस तास, फुकट.

परत आलात की बॅगा उघडण्याआधी पाण्याचा कॉक उघडा आणि काटा बघा. एकच्या वर असेल तर थर्मोस्टॅट चढवा आणि चहा टाका.