'सेट'ला एकच शब्द मागू नका

कोथरूडला नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: 'सेट'ला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता सांगावा? मुलं कोशातले पंधरा अर्थ पाठ करतात आणि सोळावा समोर आला की अडकतात. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कशाला, अशी त्यांची तक्रारही आहे.

पंधरावर भागलं म्हणायचं! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि नोंदीनं सुमारे ६०,००० शब्दांची जागा खाल्ली होती. २०११ साली 'रन'नं त्यालाही मागं टाकलं. संपादकांनी त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. आपण त्यातली धाव तेवढी उचलली, तीही मुख्यतः क्रिकेटपुरती.

पण 'सेट'चं मूळ बघा. जुन्या इंग्रजीत ते 'सिट'चं प्रयोजक रूप आहे, म्हणजे आपल्या 'बसणे'वरून 'बसवणे' झालं, तसंच. लक्ष्मी रस्त्यावरचा सोनार अंगठीत खडा बसवतो, इंग्रजीत तो 'सेट' करतात. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, तिथंही 'सेट'. भाद्रपदात आपण गणपती बसवतो आणि पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची पोरं एकांकिका बसवतात, तिथं मात्र 'सेट'ची डाळ शिजत नाही. (नाटकाचा सेट असतो, पण तो बसवत नाहीत, लावतात!)

हे 'लावणे' आलं म्हणून बरं झालं, कारण 'सेट'चा दुसरा मोठा वाटा त्याच्याकडे आहे. गजर लावायचा, सापळा लावायचा, कवितेला चाल लावायची, आग लावायची: चारही ठिकाणी इंग्रजीत 'सेट' चालतं. रात्री विरजण लावलं आणि सकाळी दही लागलं, की तेही 'सेट' झालं. उरलं ते किरकोळीत: जेवणाचं टेबल मांडतात, परीक्षेचा पेपर काढतात, सूर्य मावळतो.

दागिन्यांचा सेट मात्र वेगळ्या घरचा. तो फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'वरून आला, म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. इंग्रजीत आल्यावर तो दुसऱ्या 'सेट'च्या शेजारी राहून राहून त्याच्यासारखाच दिसायला लागला. आणि प्राध्यापकीसाठीची 'सेट' परीक्षा ही नुसती आद्याक्षरं, तिला यात ओढू नका.

आता तक्रारीकडे. गेल्या महिन्यात स्वारगेटला वाईच्या गाडीसाठी उभा होतो. पुढं एक आजी आणि त्यांची नात.

"बस लागली का गं?"

"लागलीये आजी, त्या तिकडं."

"मग पळ, खिडकी धर. मला बस लागते, माहितीये ना?"

आत बसल्यावर आजी म्हणाल्या, "माझा डोळा लागेल, शिरवळ लागलं की उठव. मामाला फोन लागतोय का बघ."

यातलं एक तरी 'लागणे' दुसऱ्यासारखं आहे का? फलाटाला लागलेली बस आणि पोटात ढवळणारी बस यांत नातीचा क्षणभरही घोटाळा झाला नाही. भात लागतो म्हणजे करपतो, आंबा गोड लागतो, निकाल लागतो, वाट लागते, 'ते आमचे कोण लागतात' तेही लागतातच. जो शब्द दिवसभर राबतो त्याच्यावरच नवी कामं पडतात. 'प्रकाशसंश्लेषण' बिचारं जीवशास्त्राच्या पुस्तकातून बाहेर पडत नाही, म्हणून त्याला एकच अर्थ.

तेव्हा बाई, मुलांच्या वहीत 'सेट' एकटा लिहून पुढं अर्थांची रांग लावू नका. घड्याळ, हाड, सापळा, चाल असा सोबती धरूनच लिहून घ्या. सोळावा अर्थ आला तरी सोबत्यावरून अंदाज बांधता येतो. आणि त्याआधी एक तास 'बसणे'ची वाक्यं करायला सांगा. आवाज बसला, धक्का बसला, विश्वास बसला एवढं तर येईलच. "रिक्षाला किती बसले?" हे वाक्य पुण्यातलं एखादं पोर दिल्याशिवाय राहणार नाही.