परत आलेल्या पाकिटात दुसरीच साडी

प्रश्न : येवल्याहून आम्ही एका ऑनलाइन बाजारपेठेवर साड्या विकतो. एका ग्राहकाने परत पाठवलेल्या पाकिटात आमच्या साडीऐवजी जुनी, वापरलेली साडी निघाली, तरी रक्कम आमच्या पेमेंटमधून कापली गेली. दुसऱ्या एक ग्राहक ‘ही हातमागाची नाही’ म्हणून पैसे परत मागत असून ग्राहक आयोगात जाण्याचे बोलत आहेत. साडी यंत्रमागाची आहे. आम्ही केवळ ‘येवला पैठणी’ असे लिहिले होते. काय करावे?

उत्तर : दुसरे प्रकरण आधी मिटवा, कारण त्यात ग्राहकाचे म्हणणे रास्त आहे. येवल्याचे नाव आणि पैठणी हा शब्द एकत्र वाचल्यावर कोणीही हातमागच समजेल. शिवाय हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसतो, तर यंत्रमागाच्या साडीच्या पाठीमागे सुटे धागे असतात, त्यामुळे फरक घरबसल्या ओळखता येतो. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हावे लागते. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करू शकतो, म्हणजे तारखांना तुम्हालाच तिकडे धावावे लागू शकते. साडी परत घ्या, क्रेडिट नोट (माल परत आल्याने बिलाची रक्कम वजा केल्याचा कागद) काढून ती जीएसटी विवरणपत्रात दाखवा आणि वर्णनात ‘सेमी पैठणी, यंत्रमाग’ असे लिहून पदराच्या उलट बाजूचाही फोटो आजच टाका.

पहिल्या प्रकरणात मात्र तुमच्यावर अन्याय झाला आहे, आणि तो सोसून गप्प बसू नये. पाकीट परत मिळाल्यापासून दावा करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. ती तुमच्या विक्रेता-करारात पाहा आणि मुदत उरली असल्यास बिल, आलेल्या साडीचे फोटो, तसेच कुरियरच्या नोंदीतील जाताना व येतानाचे वजन जोडून दावा दाखल करा. पहिला नकार आला तरी त्याच दाव्यावर फेरविचार मागा. खरा भक्कम पुरावा चित्रणाचा असतो, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. यापुढे साडीची घडी घालण्यापासून पाकिटावर लेबल चिकटवेपर्यंत, आणि परत आलेले पाकीट लेबल दाखवून फोडण्यापासून साडी पूर्ण उलगडेपर्यंत, मध्ये न थांबवता सलग चित्रण करा. काठाजवळ सहज न निघणारा क्रमांकित टॅगही ओवा, म्हणजे साडी बदलली की नाही हे त्या क्रमांकावरूनच दाखवता येईल.