कॉल मोजण्याआधी घर बघ

भाऊ, मोबाइलच्या कॉल-नोंदींवरून गावाचं सामाजिक भांडवल, म्हणजे माणसांमधला विश्वास आणि एकमेकांच्या मदतीची नाती, मोजायला निघालायस, तर ते एकूण कॉल किती झाले यावरून ठरवू नकोस. कोण कोणाला परत फोन करतो, गावाबाहेर किती वेगवेगळ्या ठिकाणी करतो, ते बघ. ब्रिटनच्या 2005 च्या कॉल-नोंदींवरचा 2010 मधला अभ्यास सांगतो, जिथे संपर्कांत विविधता जास्त तिथे सुबत्ता जास्त. कारण कुठलं, परिणाम कुठला, हे मात्र त्यातून ठरत नाही.

रावेरच्या केळीवाल्याचे व्यापाऱ्याला दिवसाला 20 कॉल, तो सौदा झाला. अडीनडीला धावून येणारा माणूस वेगळा. आखाजीचे, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचे, दिवस हिशेबातून बाजूला काढ. माहेरवाशिणी आल्या की चित्रच पालटतं. आणि नंदुरबारच्या डोंगराळ धडगावकडच्या पाड्यांवर रेंज धड नसते, एकाच मोबाइलवर अख्खं घर बोलतं. तिथे कॉल कमी म्हणून जिव्हाळा कमी असं लिहिलंस, तर त्या माणसांवर अन्याय होईल. आधी जाऊन ओट्यावर बस, विचार. आणि कॉल-नोंदींतले नंबर सांकेतिक करूनच घे, म्हणजे कोणाचा नंबर ते ओळखू येणार नाही.