तुमचे प्रश्न: नावाचा अर्थ बघायच्या आधी त्याची भाषा बघा

प्रश्न: मुलीचं नाव माया ठेवायचंय. एका साइटवर अर्थ 'भ्रम' दिलाय, दुसरीकडे 'पाणी', तिसरीकडे 'आई'. खरं कोणतं?

तिन्ही आपापल्या जागी खरी आहेत, कारण ही तीन वेगळी नावं आहेत, फक्त ऐकायला एक. संस्कृतातली माया वेगळी, हिब्रूतलं माया हे पाण्यासाठीच्या 'मायिम' शब्दाशी जोडतात, आणि ग्रीक पुराणातली माइआ ही हर्मीस देवाची आई. या साइट्स सगळं एकाच पातेल्यात ओततात आणि मग आपण गोंधळतो. नीलचंही तसंच, संस्कृत नील म्हणजे निळा, पण चंद्रावर उतरलेल्या आर्मस्ट्राँगचा नील आयरिश 'नीअल'वरून आलाय, त्याचा रंगाशी काही संबंध नाही. तारा हे नाव आयर्लंडमध्येही मुलींना ठेवतात, तिथे ते जुन्या राजांच्या टेकडीवरून आलंय. त्यामुळे तुम्ही नाव कुठल्या भाषेतून घेताय ते आधी ठरवा, अर्थ आपोआप ठरेल.

प्रश्न: जॉन आणि इव्हान एकच नाव आहे असं वाचलं, पटत नाही.

एकच आहे. मूळ हिब्रू योहानान, अर्थ साधारण 'देवाने कृपा केली'. ते ग्रीक आणि लॅटिनमधून युरोपभर फिरलं आणि प्रत्येकाने आपल्या जिभेला जमेल तसं वळवलं, म्हणून स्पेनमध्ये हुआन, इटलीत जिओव्हानी, रशियात इव्हान, आयर्लंडमध्ये शॉन, स्कॉटलंडमध्ये इयान, आणि जर्मन हान्स हे त्याचंच लाडाचं रूप. याहून गंमत म्हणजे जेम्स आणि जेकब हेही मुळात एकच नाव, आणि ग्रेटा व पेगी दोघीही मार्गारेटच्याच, म्हणजे ग्रीकमधून आलेला 'मोती'.

प्रश्न: काही देशांत म्हणे वारावरून किंवा नंबरवरून नाव ठेवतात. मग वेगळेपण काय राहिलं?

हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे जरा लांबेल. घानातल्या अकान लोकांत जन्मवाराचं नाव असतंच. शुक्रवारी मुलगा झाला तर कोफी, शनिवारी क्वामे, शनिवारची मुलगी आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 ला जन्मले, तो शुक्रवारच होता. त्यांचं पूर्ण नाव कोफी अट्टा अन्नान, यातलं अट्टा म्हणजे जुळा आणि अन्नान म्हणजे चौथं अपत्य. आता सांगा, तीन शब्दांत केवढी माहिती आली! 'शूर', 'तेजस्वी' असल्या अर्थांपेक्षा मला तरी हे जास्त वैयक्तिक वाटतं.

बाली बेटावर क्रम चालतो: वायान, माडे, न्योमान, केतुत, आणि पाचवं मूल झालं की बऱ्याचदा पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी, हीच नावं. रस्त्यात वायान अशी हाक मारली तर कितीजण वळतील विचार करा, म्हणून सोबत आणखी एक स्वतःचं नाव असतंच, वेगळेपण तिथे येतं. आणि नायजेरियातले योरुबा लोक जुळ्यांची नावं स्वतः निवडतच नाहीत, आधी जन्मलेला तायवो, नंतरचा केहिंदे. पण मोठा कोण मानतात? केहिंदे! कारण म्हणे त्यानेच तायवोला जग कसं आहे ते बघायला पुढे पाठवलं.

प्रश्न: मुद्दाम वाईट नाव कोण ठेवतं?

मूल जगावं असं ज्याला वाटतं तो. मंगोलियात नेर्गुई म्हणजे 'नाव नाही' आणि एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', आधीची मुलं दगावलेली असली की दुष्ट शक्तींना चकवायला असं नाव ठेवायचे. तुर्कस्तानात त्याच भीतीतून दुरसुन, म्हणजे 'राहू दे'. पण तिथेच मुलींचं येतेर असं नाव आहे, अर्थ 'पुरे', मुली बस झाल्या या अर्थाने ठेवलेलं. दुरसुनमागची भीती मी समजू शकते, येतेरचं समर्थन मात्र मला जमत नाही.

प्रश्न: एकदम नवीन नाव बनवलं तर चालतं का?

चालतं की. व्हनेसा हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने बनवलं, एस्थर व्हानोम्री या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हान' आणि एस्थरचं लाडाचं रूप जोडून. ते 1726 मध्ये छापलं गेलं आणि आज कोणाला ते बनावट वाटत नाही.

फक्त देशाचे नियम बघा. आइसलँडमध्ये यादीबाहेरचं नाव असेल तर समितीची परवानगी लागते, आणि त्या नावाला त्यांच्या व्याकरणातले विभक्तीचे प्रत्यय लागायला हवेत. जपानमध्ये 1993 मध्ये एका जोडप्याने मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, ठेवायचं ठरवलं. त्यातली दोन्ही अक्षरं नावात वापरायला परवानगी असलेली होती, तरी ऑफिसने नाव नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी आईबापांनी दुसरं नाव ठेवलं.