काडतुसाची पुंगळी : कागदाकडून पितळेकडे

प्रश्न : दारू आणि गोळी एकत्र बांधलेली कागदी काडतुसे सैन्यांत फार पूर्वीपासून वापरात होती. मग एकोणिसाव्या शतकातील धातूच्या काडतुसाला बंदुकीच्या इतिहासात एवढे महत्त्व का दिले जाते? कागदाच्या जागी पितळ आले, एवढाच तो बदल होता का? आणि त्याचे श्रेय नेमके कोणाला द्यावे?

उत्तर : कागदी काडतूस म्हणजे मोजून घेतलेली दारू आणि गोळी यांची पुडी होती. ठासणीच्या बंदुकीचा सैनिक ती दातांनी फाडून दारू नळीच्या तोंडातून ओतत असे आणि वरून गोळी सारून गजाने ठासत असे. बार पेटवण्याची सोय मात्र त्या पुडीत नव्हती. चकमकीच्या बंदुकीत कानात, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक छिद्रापाशी, रंजक (पेटवण्याची बारीक दारू) घालावी लागे, तर पुढे आलेल्या टोपीच्या बंदुकीत तांब्याची छोटी टोपी वेगळी बसवावी लागे. 1857 साली ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांचा असंतोष उफाळला, ती एनफील्ड रायफलीची काडतुसे याच जातीची होती. दारू, गोळी आणि पेटवण्याचा मसाला हे तिन्ही ज्यात एकत्र आहेत, तेच स्वयंपूर्ण काडतूस.

तरीही तिन्ही गोष्टी एकत्र आणणे हा या कथेतला तुलनेने सोपा भाग होता. बंदूक मागून भरावी ही कल्पना जुनी आहे आणि तशा बंदुका सोळाव्या शतकातही बनल्या होत्या. पॅट्रिक फर्ग्युसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1776 मध्ये मळसूत्री बुचाने मागचे तोंड उघडणारी आणि बंद करणारी उत्तम रायफल तयार केली होती. अडचण होती ती धुराची आणि वायूची. दारू पेटताच जो प्रचंड दाब निर्माण होतो, तो गोळीला पुढे ढकलतो तसाच मागच्या सांध्यातूनही वाट काढतो, आणि लोखंडावर लोखंड कितीही काटेकोर बसवले तरी बारीक फट उरतेच. त्या फटीतून निघालेली आग नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ येते, गोळीचा जोर घटतो आणि काजळीने सांधा अडकू लागतो.

धातूच्या पुंगळीने, म्हणजे काडतुसाच्या नळीसारख्या आवरणाने, नेमके हे कोडे सोडवले, आणि आमच्या मते तिचे सारे महत्त्व इथेच आहे. बार उडताना पुंगळीची पातळ भिंत दाबाने फुगून नळीच्या मागच्या पोकळीला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते आणि त्या क्षणापुरती स्वतःच बूच बनते. दाब ओसरला की पितळ किंचित आक्रसते, सैल होते आणि रिकामी पुंगळी मागे ओढून काढता येते. ज्या दाबामुळे गळती होत असे, त्याच दाबाने गळती बंद होते. शिवाय प्रत्येक बारासोबत हे बूच नवे येत असल्यामुळे बंदुकीचा सांधा झिजला तरी फारसे बिघडत नाही.

आता श्रेयाविषयी. एडवर्ड हॉवर्ड यांनी 1800 मध्ये पाऱ्याचे फल्मिनेट हे आघाताने स्फोट पावणारे रसायन बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी 1807 मध्ये आघाताने बार पेटवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या दोन पायऱ्यांखेरीज पुढचे काहीच घडले नसते, कारण पेटवणारा मसाला काडतुसाच्या पोटात कोंडायचा असेल तर बाहेरून ठिणगी टाकण्याची पद्धत कामाची नव्हती. 1812 मध्ये झां सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने पॅरिसमध्ये मागून भरायच्या बंदुकीचे आणि तिच्या काडतुसाचे पेटंट घेतले. त्या काडतुसाला धातूचे बूड होते आणि बुडाच्या मध्यभागी आघाताने पेटणारा मसाला होता. आजच्या काडतुसाची जवळपास सगळी मांडणी त्यात दिसते. काळाच्या इतके पुढे असलेले काम क्वचितच आढळते, पण सैन्याने ते स्वीकारले नाही.

पॉली यांच्या कारखान्यात काम केलेले योहान निकोलाउस ड्रायझे यांनी प्रशियात परतून निराळी वाट धरली. त्यांच्या काडतुसात आवरण कागदाचेच राहिले आणि पेटवणारा मसाला गोळीच्या मागच्या लगद्याच्या बैठकीत, म्हणजे दारूच्याही पुढे बसवला. चाप ओढताच लांब सुई कागद आणि दारू भेदून त्या मसाल्यावर आदळत असे. प्रशियाने 1841 मध्ये ही बंदूक स्वीकारली. 3 जुलै 1866 रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभे राहून गज चालवत असताना प्रशियाचे सैनिक आडवे पडून त्यांच्या कितीतरी पट वेगाने बार काढत होते. त्या विजयामागे सेनापतींचे डावपेच आणि रेल्वेही होती, पण मागून भरायच्या बंदुकीविषयीची युरोपातील शंका त्या दिवशी संपली. तरी ड्रायझे यांची सुई प्रत्येक बाराच्या वेळी जळत्या दारूच्या मधोमध असल्याने खराब होई, कधी मोडे, आणि सांध्यातून वायू निसटत असे तो निराळाच. 1866 च्या फ्रेंच शास्पो रायफलीत रबराच्या कडीने गळती बरीच रोखली गेली, पण काडतूस कागदी असल्याने सारा भार त्या कडीवर पडत राहिला आणि उष्णतेने रबर निकामी होत असे.

दरम्यान धातूचे काम फ्रान्समध्येच पुढे सरकले होते. कासिमिर लफोशो यांच्या 1835 च्या काडतुसाच्या बुडातून एक पिन बाजूला बाहेर आलेली असे. बंदुकीचा घोडा (ठोका देणारा भाग) वरून तिच्यावर पडला की पिन आतल्या टोपीवर आदळे. ती पिन बंदुकीच्या खाचेत नेमकी बसवावी लागे आणि चुकून तिच्यावर ठोका बसण्याची भीती होती, तरी शिकारी बंदुकांत ही पद्धत खूप चालली. 1846 मध्ये उलिए या फ्रेंच बंदूककाराने वायू रोखणाऱ्या धातूच्या पुंगळीचे पेटंट घेतले. कल्पनेचे श्रेय पॉली यांना द्यावे, पण आज आपण जे काडतूस ओळखतो त्याचा खरा आरंभ उलिए आणि लफोशो यांच्या या कामात आहे, असे आम्हांस वाटते.

फ्लोबेर या फ्रेंच बंदूककाराने 1845 च्या सुमारास टोपीच्याच तोंडावर छोटी गोळी बसवली. पुंगळीच्या दुमडलेल्या काठात मसाला भरण्याची पद्धत त्या वाटेने रुजली आणि 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन यांच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरने ती लोकप्रिय केली. पण काठ घोड्याने चेपला गेलाच पाहिजे, म्हणून तो पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ काठ मोठा दाब सोसत नाही. म्हणूनच ही पद्धत आज मुख्यतः .22 सारख्या लहान काडतुसांपुरती उरली आहे.

जोरदार काडतुसासाठी बूड जाड हवे आणि पेटवणारा मसाला मध्यभागी वेगळ्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडात बसवलेल्या छोट्या टोपीत, हवा. 1866 च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आणि इंग्लंडमधील वूलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी ही मांडणी पक्की केली. मसाला ज्यावर चिरडला जातो ती छोटी ऐरण बॉक्सर यांच्या प्रायमरमध्येच असते, तर बर्डन यांच्या रचनेत ती पुंगळीच्या बुडाचा भाग असते. बॉक्सर यांची पुंगळी पितळी पत्र्याची गुंडाळी होती आणि तिचे बूड लोखंडी होते. स्नायडर यांच्या पद्धतीने मागून भरायच्या केलेल्या जुन्या एनफील्ड रायफलींत ती वापरली गेली. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीत अशीच गुंडाळी तापलेल्या चेंबरमध्ये अडकल्याच्या तक्रारी आल्या.

त्यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे अखंड ओढून काढलेली पुंगळी. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळेची चकती दाबून तिची वाटी करतात आणि ती टप्प्याटप्प्याने साच्यातून ओढून लांबवतात. प्रत्येक ओढीने पितळ कडक होते, म्हणून मधून मधून ते तापवून मऊ करावे लागते. शेवटी बूड कडक आणि तोंड मऊ राहील अशी काळजी घेतात, कारण बुडाने दाब सोसायचा असतो आणि तोंडाने फुगायचे असते. शुद्ध तांबे इथे कमी पडते, कारण ते फुगल्यावर पितळेइतके परत आक्रसत नाही आणि पुंगळी आत अडकून बसते.

प्रश्न : मग छऱ्यांच्या काडतुसांचे आवरण पितळी न होता आधी कागदाचे आणि आता प्लॅस्टिकचे कसे?

उत्तर : छऱ्यांच्या बंदुकीतला दाब रायफलीच्या मानाने बराच कमी असतो. बूड आणि प्रायमरची जागा धातूची असली की पुरते. वरची नळी कागदाची किंवा प्लॅस्टिकची असली तरी ती फुगून चेंबरला टेकते आणि वायू रोखण्यास हातभार लावते. कागदी नळी ओलाव्याने फुगून बंदुकीत नीट बसत नसे, आणि प्लॅस्टिकने तिची जागा घेण्याचे हे एक मुख्य कारण आहे.